सगळे घरचेच खातो, तरी अहवाल बिघडतात: किराण्याच्या यादीवरून दिलेले उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या मनीषनगरातील एका भगिनींच्या घरी चार माणसे आहेत. यजमान ४८ वर्षांचे, वजन ७२ किलो, मिहानमध्ये बैठी नोकरी. त्यांचे एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.३ आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक प्रकारची चरबी) २४० आले. सासूबाई ७१ वर्षांच्या. गोळी चालू असूनही त्यांचा वरचा रक्तदाब १५० च्या खाली उतरत नाही. त्या गुरुवार आणि चतुर्थी करतात. मुलगी १९ वर्षांची, हिमोग्लोबिन ९.६. बाहेरचे खाणे जवळजवळ नाही. रविवारी सकाळचे तर्री-पोहे तेवढा अपवाद. यजमानांच्या ॲसिडिटीमुळे तिखट बंद केले आहे. ‘सगळे घरचे आणि ताजे असताना चुकते तरी कुठे?’ असे विचारताना त्यांनी महिन्याच्या किराण्याची यादी आणि घरातले रोजचे वेळापत्रकही लिहून पाठवले आहे.

ताई, यादी पाठवलीत हे फार बरे केले. आहाराचा सल्ला घ्यायला येणारी माणसे बहुधा काल काय खाल्ले ते सांगतात, आणि आहारतज्ज्ञासमोर बसले की पोळ्यांची संख्या नकळत एकाने कमी होते आणि भाजीची वाटी जराशी मोठी होते. किराण्याच्या यादीला अशी भीड नसते. म्हणून या उत्तरात मी तुमच्या यादीपासूनच सुरुवात करतो.

घरात चार माणसे, महिन्याचे ३० दिवस, म्हणजे १२० माणशी दिवस. यादीतील प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये घेऊन १२० ने भागला की एका माणसाच्या वाट्याला रोज किती येतो ते कळते. तुमच्याकडे गहू, तांदूळ, थोडी ज्वारी, पोहे, रवा, मैदा आणि साबुदाणा मिळून ३७ किलो धान्य लागते. म्हणजे माणशी सुमारे ३०८ ग्रॅम. तूरडाळ आणि इतर सगळी कडधान्ये मिळून ३ किलो. म्हणजे २५ ग्रॅम. तेल ६ किलो, म्हणजे ५० ग्रॅम. साखर ५ किलो, म्हणजे जवळपास ४२ ग्रॅम. मीठ सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे १० ग्रॅम.

आता हे आकडे कशाशी ताडून पाहायचे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठीच्या आहार मार्गदर्शक सूचना नव्याने प्रसिद्ध केल्या. त्यांत दिवसाला २००० उष्मांकांच्या आहारासाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये (मांसाहारी असल्यास अंडी-मांसासह) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण दिले आहे. मिठाची मर्यादा ५ ग्रॅम आहे, आणि वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तुमच्या घरी धान्य थोडे जास्त आहे, तेल, साखर आणि मीठ दुपटीच्या घरात आहे, आणि डाळ एक-तृतीयांशाहूनही कमी आहे. जेवण घरचे आणि ताजे असणे चांगलेच, पण ताजेपणाने प्रमाण दुरुस्त होत नाही. तुमच्या तिन्ही अहवालांचा मोठा भाग या पाच भागाकारांत आहे.

यातली डाळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे वरण रोज होते, त्यामुळे प्रथिने मिळतात अशी प्रत्येक घराची समजूत असते. चार माणसांच्या वरणासाठी कुकरमध्ये किती डाळ लावता ते एकदा काट्यावर मोजून पाहा. एक वाटी पातळ वरणात कच्ची डाळ जेमतेम १५ ते २० ग्रॅम असते आणि तीतून प्रथिने मिळतात ३ ते ४ ग्रॅम. त्या वरणाबरोबर भात मात्र दोन वाट्या जातो. प्रौढ माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे तुमच्या यजमानांना रोज साधारण ६० ग्रॅम. तुमच्या यादीप्रमाणे धान्यातून त्यांना ३० ग्रॅमच्या आसपास, डाळीतून ५ ते ६ आणि चहा-दह्याच्या दुधातून ८ ग्रॅम मिळत असावीत. बेरीज ४५ च्या आतच राहते, आणि पोट भरण्याचे काम पोळी आणि भातावर येऊन पडते. प्रथिने आणि तंतू कमी असलेले जेवण लवकर जिरते, चार वाजता पुन्हा भूक लागते, आणि त्या वेळी हाताशी चहा, टोस्ट आणि बिस्किटे असतात.

एचबीए१सी ६.३ हा मधुमेह नव्हे, ५.७ ते ६.४ या टप्प्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडियाब सर्वेक्षणात देशात मधुमेह असलेले १० कोटींहून अधिक आणि मधुमेहपूर्व अवस्थेतील १३ कोटींहून अधिक लोक असल्याचा अंदाज दिला होता. ट्रायग्लिसराइड्स वाढले की लोक तूप बंद करतात. तुम्हीही केले असेल. परंतु गरजेपेक्षा जास्त आलेले पिष्ट आणि साखर यकृत चरबीत बदलते आणि तीच चरबी ट्रायग्लिसराइड्सच्या रूपाने रक्तात सोडते. त्यामुळे २४० हा आकडा खाली आणायचा तर पोळीवरच्या अर्ध्या चमचा तुपापेक्षा तिसरी-चौथी पोळी, भाताचा दुसरा वाढा आणि चहातली साखर यांच्याकडे आधी पाहावे लागेल. यजमान मद्य घेत असतील तर तेही याच खात्यात धरावे. त्यांचे वजन तुम्ही दिले आहे, पण कमरेचा घेर दिलेला नाही. बेंबीच्या पातळीवर टेप लावून मोजा. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढचा घेर धोक्याचा मानतात, मग काट्यावर वजन काहीही दिसो.

सुधारणेसाठी परदेशी धान्ये किंवा प्रथिनांची डबाबंद पावडर आणण्याची गरज नाही. डाळ पोटभर खाण्याच्या जितक्या रीती विदर्भाच्या स्वयंपाकघरात आहेत तितक्या फार थोड्या ठिकाणी असतील. लग्नाच्या पंगतीत वाढतात ती पालकाची डाळभाजी, पाटोडी, कढीगोळे, गोळाभात, झुणका, मोट (मटकी) आणि चवळीची उसळ, मुंगवडीची भाजी, हे सगळे पदार्थ डाळीला ताटाच्या मध्यभागी ठेवतात. अडचण एवढीच झाली आहे की आपण त्यांना पाहुण्यांचे किंवा रविवारचे पदार्थ करून टाकले आणि रोजच्यासाठी पोळी, आलूची भाजी आणि पातळ वरण ठेवले. आठवड्यातून चार दिवस यातला एकेक पदार्थ रोजच्या जेवणात आणा. गोळे तळण्याऐवजी वाफवा. गोळाभातावर वरून ओततात ते तेल पळीऐवजी चमच्याने घ्या. पाटोडीच्या रश्श्यालाही हाच नियम लावा. डाळी-कडधान्यांची महिन्याची खरेदी ३ किलोवरून ७ किलोवर न्या आणि धान्य ३७ वरून ३० वर आणा. अंडी चालत असतील तर काम आणखी सोपे होते. एका अंड्यातून ६ ग्रॅम प्रथिने मिळतात.

ज्वारीविषयीही विचारणा होते. गहू निम्मा करून ज्वारी आणली तर तंतू वाढतील, आणि आपल्या आजी-आजोबांच्या ताटात ती होतीच. मात्र भाकरीने साखर वाढत नाही हा गैरसमज आहे. भाकरीही पिष्टच आहे. एका मोठ्या भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ लागते. दोन पोळ्यांच्या जागी एक भाकरी हा चांगला बदल आहे, पण तीन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या खाल्ल्या तर काहीच साधले नाही.

तेलाचे १५ किलोचे पिंप घरात आले की कढईत तेल पडताना हात आखडत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. चार माणसांना दिवसाला २७ ग्रॅमप्रमाणे महिन्याला सव्वातीन किलो तेल-तूप पुरते. या हिशोबाने एक पिंप साडेचार महिने चालायला हवे. तुमचे अडीच महिन्यांत संपते. त्यामुळे पिंप बंद करून महिन्याचे साडेतीन किलो तेल वेगळे आणा, आणि फोडणीसाठी बाटली न वापरता चमचा वापरा. कोणते तेल चांगले या वादात मी फार शिरणार नाही. दोन तेले आलटून पालटून वापरावीत आणि प्रमाण सांभाळावे, एवढे पुरे. तळणीचे उरलेले तेल मात्र पुन्हा पुन्हा तळायला घेऊ नका. वारंवार तापलेल्या तेलात घातक संयुगे साठतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने खाद्यविक्रेत्यांसाठी २०१८ पासून त्यांची २५ टक्के ही कमाल मर्यादा घातली आहे, पण घरच्या कढईची तपासणी करायला कोणी येत नाही. उरलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवून टाका. जवसाची चटणी मात्र रोजच्या ताटात असू द्या. वनस्पतिजन्य ओमेगा-३ चा इतका स्वस्त स्रोत आपल्या भागात दुसरा नाही. जवस भाजून कुटलेला हवा, कारण अख्खा दाणा बराचसा तसाच बाहेर पडतो.

मुलीच्या हिमोग्लोबिनकडे वळू. १२ च्या खाली रक्तक्षय धरतात, आणि ९.६ हा मध्यम रक्तक्षय आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, म्हणजे तुमची मुलगी एकटी नाही. परंतु सगळ्यांनाच असतो म्हणून सोडून देण्याजोगी ही बाब नाही. तुम्ही तिला बीट आणि डाळिंब देत असाल असे मी गृहीत धरतो, कारण प्रत्येक आई तेच देते. बीटचा रंग लाल असला तरी १०० ग्रॅम बीटमध्ये लोह एक मिलिग्रॅमही नसते आणि डाळिंबात त्याहूनही कमी. तिची दिवसाची गरज आहे २९ मिलिग्रॅम. चवळीची व राजगिऱ्याची पालेभाजी, अळीव, तीळ, हरभरा, मोट यांतून जास्त मिळते. वनस्पतींतले लोह शोषले जाणे कठीण असते, आणि नाश्त्याबरोबर घेतलेला चहा त्यातला बराच भाग अडवतो. त्यामुळे जेवणाच्या किंवा नाश्त्याच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा नको. उलट क जीवनसत्त्व हे शोषण वाढवते. आपल्या नागपुरात आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत मिळतात. जेवणाबरोबर एक संत्रे खावे, रस काढून नव्हे तर फोडी सोलून. एरवी लिंबू किंवा आवळा आहेच. भाजी लोखंडी कढईत करा, विशेषतः टोमॅटो किंवा अंबाडीसारखी आंबट भाजी, आणि झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

तरीही ९.६ वरून केवळ आहाराने वर यायला फार काळ लागेल. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या लागतील, पाळीत रक्तस्राव जास्त होतो का ते पाहावे लागेल, आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) व बी१२ तपासावे लागेल. विदर्भात राहणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे. आपल्या भागात सिकलसेल आणि थॅलेसेमियाचे वाहक बऱ्याच प्रमाणात आढळतात. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान २०२३ मध्ये सुरू झाले आहे आणि त्यात विदर्भातील जिल्ह्यांचाही समावेश आहे. गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल तर डॉक्टरांना हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी करायची का, हे आवर्जून विचारा. लग्नाच्या वयाआधी ही माहिती असणे तिच्यासाठी तसेही उपयोगाचे आहे.

सासूबाईंच्या रक्तदाबात मिठाचा वाटा मोठा असावा, आणि ते मीठ फक्त भाजीतले नसते, ताटाच्या डाव्या बाजूचेही असते. लोणचे, पापड, कुरडई, ठेचा, भुरका, सांडगी मिरची यांतले मीठ किराण्याच्या यादीत पूर्ण येतही नाही, कारण पापड आणि लोणचे वेगळे विकत घेतले जाते. भाजी अळणी करून घरात भांडण लावण्यापेक्षा रोजचा पापड आणि लोणचे आठवड्यातून एकदा-दोनदावर आणा. जीभ दोन-तीन आठवड्यांत सरावते. सैंधव मीठ वापरले म्हणजे सुटका झाली असे नाही, त्यातही बहुतांश सोडियम क्लोराइडच असते आणि आयोडीन बहुधा नसते. बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते. त्यात पोटॅशियम असते, त्यामुळे मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सासूबाईंचे वय पाहता ही खबरदारी घ्याच.

गुरुवारचा उपवास श्रद्धेचा विषय आहे आणि तो सोडा असे मी सांगणार नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध पिष्ट; प्रथिने नगण्य. त्याची खिचडी आलू, तूप आणि दाण्याच्या कुटासह पोटभर खाल्ली तर उपवासाच्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त उष्मांक जातात. भगर, राजगिरा, शिंगाड्याचे पीठ, ताक, दही, काकडी आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे यांत तोच उपवास चांगला होतो. पुढे घरात कोणाला साखर उतरवणारी गोळी सुरू झाली तर निरंकार उपवास करण्याआधी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे, कारण काही गोळ्यांनी उपाशीपोटी साखर एकदम खाली जाते.

रविवारच्या तर्री-पोह्यांना तुम्ही अपराध्यासारखे सांगितले आहे. त्याची गरज नव्हती. नुसत्या कांदेपोह्यांपेक्षा चण्याची तर्री घातलेले पोहे मी बरे मानतो, कारण त्यात निदान कडधान्य येते. फक्त वरचा लाल तवंग नको, पातेल्याच्या तळातले चणे जास्त घालायला सांगा, ठेलेवाला देतो. आणि ॲसिडिटीचे म्हणाल तर जठरव्रण (अल्सर) तिखटाने होतो हा समज कधीच मागे पडला आहे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू त्यामागे असल्याचे दाखवून दिले आणि २००५ चे नोबेल मिळवले. दुसरे मोठे कारण वेदनाशामक गोळ्या. तिखट जळजळ वाढवू शकते, हे खरे. पण सावजी रस्सा खाल्ल्यावर रात्रभर छातीत जळते त्यात मिरचीइतकाच दोष तेलाचा आणि जेवून लगेच आडवे होण्याचा असतो. स्निग्ध जेवण जठरात जास्त वेळ रेंगाळते. त्यामुळे तिखट पूर्ण बंद करण्याऐवजी रात्रीचे जेवण लवकर आणि हलके करा.

यजमान साडेआठला घरी येतात आणि जेवण पावणेदहाला होते, असे तुमच्या वेळापत्रकावरून दिसते. रात्री उशिरा शरीर साखर तितक्या सहजतेने हाताळत नाही. सहाच्या सुमारास त्यांनी कार्यालयातच फुटाणे किंवा उसळीचा डबा खाल्ला तर घरी आल्यावर नऊच्या आत एक भाकरी, घट्ट वरण आणि भाजीवर भागेल. जेवताना आधी काकडी-मुळा आणि भाजी-डाळ, मग पोळी-भात, या क्रमाने जेवणानंतरची साखर कमी चढते. आणि उठल्यावर १० ते १५ मिनिटे चालण्याचा फायदाही तसाच आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा दिवसा चालणे शक्य नसते, पण रात्री जेवणानंतर कॉलनीत दोन फेऱ्या होतात. उन्हाळ्यात सरबत, उसाचा रस आणि रसवंती यांतून साखरेचा आकडा फुगतो; ताक, अंबील आणि बेताच्या गुळाचे पन्हे त्याला चांगला पर्याय आहे.

भाज्या किराण्यात येत नाहीत म्हणून त्यांचा हिशोब वेगळा करावा. ४०० ग्रॅमप्रमाणे चार माणसांना आठवड्याला ११ किलो भाजी लागते, आणि त्यात आलू धरत नाहीत. बहुतेक घरांत चार-पाच किलोच येते. पहिल्या महिन्यात ती सात किलोवर नेलीत तरी चालेल.

सगळे बदल एकदम करू नका. पहिल्या महिन्यात डाळ आणि तेल, दुसऱ्या महिन्यात साखर आणि पापड-लोणचे, अशा क्रमाने जा. मुलीचे हिमोग्लोबिन गोळ्या सुरू केल्यानंतर चार आठवड्यांनी तपासा. ते निदान एक ग्रॅमने वाढलेले असावे. सासूबाईंचा रक्तदाब आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. मीठ कमी झाल्यावर आकडे उतरले तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. यजमानांचे एचबीए१सी आणि उपाशीपोटीचे ट्रायग्लिसराइड्स तीन महिन्यांनी पाहावेत, त्याआधी पाहून उपयोग नाही. आणि ताई, घरात माणसे चार असताना तुम्ही अहवाल तिघांचेच पाठवले आहेत. सगळ्यांचे झाल्यावर जेवणाऱ्या बाईच्या ताटात डाळ-भाजी संपलेली आणि पोळ्या उरलेल्या असतात, हे मी इतक्या घरांत पाहिले आहे की तुमच्याकडे वेगळे असेल असे मला वाटत नाही. मुलीला तपासणीला न्याल त्याच दिवशी स्वतःचे हिमोग्लोबिन, एचबीए१सी आणि रक्तदाबही तपासून घ्या.